विंचवाचं बिऱ्हाड

३ फेब्रुवारी

दादा,

तुझं पत्र मिळालं. त्यात शिव्या भरपूर आणि माहिती शून्य. "तुझा भंगार पेनड्राइव्ह चालत नाही" एवढ्यावरून मी काय ओळखायचं? मशीनला तो दिसतच नाही, की अर्ध्यात अडकतो, की नुसता काळा पडदा येतो? डॉक्टरकडे जाऊन "दुखतं" एवढंच सांगणाऱ्या जातीचा तू.

मी तो दुकानात उघडून पाहिला. आतली सगळी मांडणी विस्कटली आहे. खेळ चालू असताना तू तो उपसून काढलास. नाही म्हणू नकोस, या दुकानात माझा दिवस असल्याच दुरुस्त्यांत जातो. मशीन आधी रीतसर बंद करायचं, पंखा थांबला की मगच हात लावायचा, हे मी मागच्या पत्रात लिहिलं होतं. जेवणाऱ्याच्या पुढचं ताट ओढलं तर सांडणारच.

पुन्हा सांगतो आणि या वेळी वाच. नेहमीच्या कॉम्प्युटरची ऑपरेटिंग सिस्टिम त्याच्या पोटातल्या हार्ड डिस्कवर असते. ही पेनड्राइव्हवरच राहते आणि तिथूनच चालू होते. खेळ, त्यांची सेटिंग्ज, तू कुठवर पोचलास ती मजल, सगळं सोबत. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, तसं. ज्या मशीनला लावशील ते तिचं घर, आणि काढून घेतलीस की त्या मशीनच्या डिस्कवर ओरखडाही राहत नाही. पण जोवर ही चालू आहे तोवर त्या मशीनची स्वतःची सिस्टिम बंद असते. या वाक्याखाली मी रेघ मारली आहे. एका खोलीत एका वेळी एकच बिऱ्हाड.

सगळं पुसून नव्याने लिहिलं. सिस्टिमची फाइल उतरवली, पूर्ण उतरली का ते ताडून पाहिलं, मग चढवली. उरलेल्या जागेत कायमचा कप्पा केला, नाहीतर मशीन बंद होताच तुझी सगळी मजल पुसली गेली असती. ग्राफिक्सचा ड्रायव्हर घातला. घड्याळ आपल्या वेळेवर लावलं, कारण साठवलेल्या प्रत्येक खेळावर तारीख-वेळ पडते आणि ती चुकीची असली तर मला झोप लागत नाही. लावताना मशीनच्या मागची निळी खाच वापर. चालू करताच एफ-बाराचं बटन दाबत राहा आणि यादीतली दुसरी ओळ निवड. पहिली निवडलीस तर मला पत्र लिहू नकोस.

आता मुख्य प्रश्न, जो तू दोनदा गिळलास. हे मशीन कोणतं? तुमच्या उबवणी केंद्रात पिल्लांना बाहेरचा रोग लागू नये म्हणून आंघोळ करून, कपडे बदलून, फोन दारावर जमा करून आत जावं लागतं आणि महिनोन्महिने आतच राहावं लागतं. करमणूक हवी हे मला कळतं, म्हणून तर केलं. पण साबणाच्या डबीत लपवून पेनड्राइव्ह आत न्यायचा आणि वर सांगायचं की विश्रांतीच्या खोलीत एक रिकामं मशीन पडून आहे, हे माझ्या गळी उतरत नाही. रिकामं असेल तर लपवायचं कशाला? स्पष्ट शब्दांत लिहून दे.

पेनड्राइव्हवर दुकानाच्या पत्त्याची चिठ्ठी चिकटवली आहे, "सापडल्यास येथे परत करावे" अशी. दुकानातून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक वस्तूवर मी ती लावतो. हसायचं तर हस.

मावशीचा उजवा डोळा आता अगदीच धूसर झाला आहे. तुझी पत्रं मीच तिला वाचून दाखवतो. शिव्या गाळून वाचल्या तर पत्र फार लहान होतं आणि तिला संशय येतो.

मास्तर
(तूच ठेवलेलं नाव)

१४ फेब्रुवारी

मास्तर,

चालला तुझा विंचू. मानलं. शाळेने तुला हाकललं पण डोकं तिथे ठेवून घेतलं नाही, एवढं बरं झालं.

तो ट्रकचा खेळ भारी आहे. घाटातून सोळा चाकी खाली आणायची म्हणजे हातांना घाम फुटतो. खेळात माझं नाव काय ठेवलं माहीत आहे? ढाण्या. इथे दिवसभर मला कुणी "मशीनवाला" म्हणतं, कुणी "अरे", मालक तर नुसती शिटी मारतो. तिथे ढाण्या आला की फाटक आपोआप उघडतं.

तुझी ती चिठ्ठी मात्र काढून टाकावीशी वाटते. नखाने निघेना, चाकूने निघेना. कशाने चिकटवतोस, डांबराने? चोराने चोरीच्या मालावर स्वतःचा पत्ता लिहावा तसं झालं. असो.

मशीन कोणतं, मशीन कोणतं, काय लावलंयस? तुझ्या बापाचं नाही एवढं नक्की. खेळून झालं की तू म्हणतोस तसं रीतसर बंद करतो, विंचू काढतो, पुन्हा चालू करतो. लगेच त्याच्या त्या रेषा आणि आकडे पहिल्यासारखे धावायला लागतात. कुणाच्या बापाला पत्ता लागत नाही. आता खूश?

आईला सांग, डोळ्याचं ऑपरेशन उन्हाळ्याच्या आत करू. मालकाशी बोललोय. तुला मात्र सुट्टीत आलो की बघतो.

दादा

१ मार्च

दादा,

तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. रेषा आणि आकडे कसले?

रिकामं मशीन चालू केलं की फार तर एखादं चित्र दिसतं आणि धूळ. आपोआप धावणाऱ्या रेषा दाखवणारं मशीन कशावर तरी नजर ठेवून असतं. तुमच्याकडे नजर ठेवण्यासारखं एकच काही आहे. मला ते इथे लिहायचं नाही, तुझ्याकडून ऐकायचं आहे.

माझी शंका खरी असेल तर पेनड्राइव्ह आजच काढ आणि दारावरच्या पहारेकऱ्याकडे दे, मी टपाल खर्च भरतो. खोटी असेल तर दोन ओळी लिही, मी तुझी माफी मागतो. मला माफी मागायला आवडेल.

मावशी विचारते आहे की तू नीट जेवतोस का.

मास्तर

१९ मार्च

ज्याने ही चिठ्ठी चिकटवली त्याला,

मी पत्रं लिहिणारी बाई नाही. राग आल्याशिवाय पेन हातात घेत नाही, तेव्हा अक्षर समजून घ्या.

अंड्याखाली दिवा धरून आत जीव धरला आहे की नाही ते बघायचं, हे माझं काम. म्हणून उबवणीत सगळे मला दिवेवाली म्हणतात. म्हणायचे. आता मी घरी बसले आहे.

रविवारी दुपारी केबिनची पाळी माझी होती. केबिनमध्ये एक कॉम्प्युटर आहे, अंडी उबवणाऱ्या सगळ्या यंत्रांची उष्णता त्यावर दिसते. कुठे कमी-जास्त झालं तर त्यातूनच घंटा वाजते. यंत्रांना स्वतःची घंटा नाही, मालकाने तेवढं वाचवलं आहे. तिथला मशीनवाला आला आणि म्हणाला, दिवेवाली, तू आत जाऊन ट्रे बघ, इथे मी बसतो. आधीही दोन-तीनदा असं म्हणाला होता. मला वाटलं, चला, एक तरी माणूस आहे इथे. मी गेले.

शेवटच्या खोलीतल्या यंत्राच्या पंख्याचा पट्टा तुटला. त्यात दोन दिवसांत फुटणारी अंडी होती. घंटा वाजली नाही. मी ट्रे घेऊन त्या खोलीत गेले तेव्हा दाराचं हँडल हाताला चटका देत होतं. आत सगळं संपलं होतं. काही अंड्यांना आतून चोच मारल्याची बारीक चीर पडली होती. मी रोज उजेडात बघते ना, त्यातली कितीतरी माझ्या ओळखीची होती. हे वाचून हसू आलं तर हसा.

मालकाने कॉम्प्युटर तपासला. त्याने दाखवलं की त्या दुपारी कॉम्प्युटर कुणीतरी बंद केला होता. पाळी माझी, म्हणजे बंद मी केला. घंटेची कटकट नको म्हणून केलास, असं सगळ्यांच्या देखत बोलला. मी मशीनवाल्याकडे बघितलं. तो म्हणाला, मी जनरेटरपाशी होतो, केबिनमध्ये पाऊल टाकलेलं नाही. डोळ्याची पापणीसुद्धा हलली नाही मेल्याची.

जाण्याआधी मेलेली अंडी पिंपातून बाहेर काढण्याचं काम मलाच दिलं, शिक्षा म्हणून. एका पिंपात तळाशी साबणाची डबी मिळाली. त्या दिवशी दारावर सगळ्यांची झडती होती, कुणीतरी घाबरून टाकली असणार. डबी कुणाची ते मला माहीत आहे, पण साबणाच्या डबीवर नाव नसतं. आत तुमची ही वस्तू होती. तिच्यावर पत्ता आहे.

हे काय आहे? याने कॉम्प्युटर बंद पडतो का? मी दोन दुसऱ्या उबवणींत विचारून आले, दोन्हीकडे दारावरूनच परत पाठवलं. आमच्या धंद्यात बातमी अंड्याच्या आधी फुटते. मला दुसरं काम येत नाही. खरं काय ते लिहा. खोटं लिहायचं असेल तर तिकीट वाया घालवू नका.

दिवेवाली

२४ मार्च

दादा, की ढाण्या म्हणू?

तुमच्या दिवेवालीचं पत्र आलं आहे. माझ्या चिठ्ठीवरच्या पत्त्यावर. ती चिठ्ठी चाकूने निघाली नाही याबद्दल मी आयुष्यात पहिल्यांदा कुणाचे तरी आभार मानावेत म्हणतो, पण कुणाचे ते कळत नाही.

तू जनरेटरपाशी होतास म्हणे.

मी तुला रेघ मारून लिहिलं होतं. एका खोलीत एका वेळी एकच बिऱ्हाड. तू वाचलंस, तुला कळलं, आणि तू घंटेलाच घराबाहेर काढलंस. तू घाटातून ट्रक उतरवत होतास तेव्हा त्या यंत्रावर नजर ठेवणारं जगात कुणीही नव्हतं. आणि त्या बाईला तूच उठवून आत पाठवलंस. तिला बरं वाटलं म्हणे, की इथे एक तरी माणूस आहे.

पट्टा तुटला ही चूक नाही, पट्टे तुटतात. खेळलास ती चूक झाली, तीही मी समजू शकतो, बिऱ्हाड मीच बांधून दिलं होतं. पण "पाऊल टाकलेलं नाही" हे तू शुद्धीवर असताना, तिच्या तोंडावर बोललास. आणि पुरावा कुठे टाकलास, तर तू मारलेल्या पिल्लांच्या पिंपात. तिलाच उपसायला लागणाऱ्या.

तू समजतोस की माग राहिला नाही. मशीनवर नाही राहिला. पेनड्राइव्हवर राहिला आहे. तुझी मजल पुसली जाऊ नये म्हणून मी जो कायमचा कप्पा केला, त्यात ढाण्याच्या नावाने साठवलेला प्रत्येक खेळ आहे आणि प्रत्येकावर तारीख आणि वेळ. घड्याळ मी बरोबर लावलं होतं.

तिला मी अजून उत्तर दिलेलं नाही. आधी तू मालकापुढे जाऊन बोल. तुझ्या तोंडून निघालं तर त्याला निदान कबुली म्हणता येईल. एक तारखेपर्यंत थांबतो.

मास्तर

३० मार्च

मास्तर,

पत्र वाचलं आणि जाळलं. तूही माझी जाळ.

मला मुदत देतोस? दहावीत दोनदा आपटलास तेव्हा तुझा बाप तुला घरात घेईना. आईने आपल्या ताटातली भाकरी मोडून तुला दिली. दुकानात तुला चिकटवला कुणी? मी. दुकानाच्या मालकाचे पाय कुणी धरले? मी. आणि आता एका परक्या बाईच्या दोन कागदांवर तू माझ्यावर उलटतोस? ती कोण लागते तुझी? ज्या ताटात जेवलास त्याला भोक पाडतोस, शाळेतही हेच शिकला असतास तर पास झाला असतास.

ती एकटी बाई आहे, कुठेही काहीही करेल. मला इथून काढलं तर आईचा डोळा गेला. समजलं? तिचं ऑपरेशन माझ्या पगारावर आहे, तुझ्या शुद्धलेखनावर नाही.

तर आता असं कर. त्या बाईला लिही की त्यात गाणी आहेत, गाण्यांनी कॉम्प्युटर बंद पडत नाही, वस्तू दुकानाची आहे, परत पाठवा. ती तुझ्या पत्त्यावर विश्वास ठेवते आहे, ठेवील. आली की तुझ्या त्या हातोड्याने ठेच. एवढं एक काम नीट कर.

आणि एक लक्षात ठेव. अक्षर चिठ्ठीवर तुझं आहे. बिऱ्हाड तुझं होतं. मी काय, मला कुणीतरी दिलं, मी लावलं, मला कॉम्प्युटरमधलं काय कळतं? बुडलो तर तुला घेऊन बुडेन.

आईला हे पत्र वाचून दाखवशील तेव्हा हे सगळं गाळ. सांग की मी मजेत आहे आणि वजन वाढलंय.

दादा

४ एप्रिल

दिवेवालीबाई,

उत्तराला उशीर केला. कारण खाली येईल आणि ते तुम्हाला आवडणार नाही.

होय, याने कॉम्प्युटर बंद पडतो. नेमकं सांगायचं तर त्याचं नेहमीचं काम बंद पडतं. या पेनड्राइव्हमध्ये खेळ खेळण्यासाठी एक पूर्ण वेगळी सिस्टिम आहे. ती लावून मशीन चालू केलं की केबिनमधला उष्णता बघणारा प्रोग्रॅम चालूच होत नाही, आणि घंटा वाजवायला कुणी उरत नाही. तुमच्या मालकाच्या नोंदीत कॉम्प्युटर बंद दिसतो, कारण त्याच्या दृष्टीने तो बंदच होता. त्या वेळी त्याच्यावर दुसरं कुणीतरी राहत होतं.

ही सिस्टिम मी बांधली. मशीन कोणतं ते मी पत्रातून विचारलं. उत्तर मिळालं नाही आणि मी नुसतं पुन्हा विचारत बसलो. त्याऐवजी उठून तिथे यायला हवं होतं. तुमचा मशीनवाला माझा मावसभाऊ आहे. मी त्याच्या आईच्या घरी राहतो. त्याने मला सांगितलं आहे की तुम्हाला गाण्यांची थाप मारून ही वस्तू परत मागवावी आणि ठेचावी. म्हणून मी तुम्हाला बजावतो: ती कुणालाही देऊ नका. मलासुद्धा पाठवू नका. माझ्यावर विश्वास ठेवायला तुम्हाला काहीही कारण नाही. कुठल्याही मशीनला लावून बघू नका, आत भलती तारीख पडेल. चिठ्ठी तशीच राहू द्या, अक्षर माझं आहे हे मला नाकारायचं नाही.

येत्या सोमवारी सकाळी मी तुमच्या उबवणीच्या दारावर येतो. तुम्ही तुमच्या हाताने पेनड्राइव्ह मालकापुढे ठेवा. मी तो त्याच केबिनमधल्या त्याच मशीनवर, तेवढा वेळ दुसरा माणूस यंत्रांपाशी उभा करून, चालू करून दाखवतो. आतल्या कप्प्यात त्या रविवारी दुपारी साठवलेला खेळ असणार. खेळणाऱ्याचं नाव ढाण्या. ते नाव कुणाचं हे सांगणारं त्याच्याच अक्षरातलं पत्र माझ्याकडे आहे. त्याने मला ते जाळायला सांगितलं आहे. मी कागद जाळत नाही.

तुम्ही लिहिलं होतं की हसू आलं तर हसा. आलं नाही.

दुकानातला दुरुस्तीवाला

५ एप्रिल

हे पत्र मावशी सांगते आहे आणि मी लिहितो आहे. एक शब्दही बदलायचा नाही असं तिने मला बजावलं आहे, आणि लिहून झाल्यावर ती ते माझ्याकडून परत वाचून घेणार आहे.

बाळा,

काल संध्याकाळी याने मला सगळी पत्रं वाचून दाखवली. तुझी, याची, त्या बाईची. शिव्यांसकट. तू गाळायला सांगितलं होतंस तेही वाचलं, आणि गाळायला सांगितलं होतंस हेही वाचलं. वाचताना याने दोनदा कागद खाली ठेवला. मी म्हटलं, पाणी पी आणि पुढे वाच.

तुझं वजन वाढलं हे ऐकून बरं वाटलं.

मी याला एकच गोष्ट पुन्हा वाचायला लावली. ती बाई लिहिते ना, अंड्यांना आतून चीर पडली होती म्हणून. मी तुला लहानपणी हातावर घेऊन कोंबडीखालची अंडी दाखवायचे. तू कान लावून म्हणायचास, आई, आत कुणीतरी दार वाजवतंय. तू विसरलास की काय ते मला माहीत नाही. मी विसरले नाही.

माझा डोळा मध्ये आणू नकोस. डोळा माझा आहे. त्याच्या आड लपायला मी तुला जागा दिलेली नाही. तुझ्या असल्या पगारावर मला दिसायला लागलं तर आधी काय दिसणार, तूच ना? त्यापेक्षा धूसर बरं.

आणि याला भाकरी दिली ती मी दिली. तू नाही दिलीस. तिचा हिशोब तू मागायचा नाहीस. भाकरी खाऊन माणसाने खोटं बोलावं असं मी कधी म्हटलं होतं? तू जेवलास त्याच ताटात हा जेवला. एकाला भोक दिसलं, एकाने पाडलं.

सोमवारी हा येतो आहे. मीही येते आहे. याने फार समजावलं, प्रवास लांब आहे, तुला दिसत नाही. मी म्हटलं, तू आहेस ना बघायला. आम्ही पोचायच्या आत तू आपल्या पायांनी मालकाकडे गेलास तर मी दारावरच थांबेन, तू बाहेर येशील तेव्हा तुझ्याबरोबर घरी येईन आणि वाटेत एक शब्द बोलणार नाही. नाही गेलास तर मी आत येईन. त्या बाईचा हात धरून येईन, तिला वाट माहीत आहे.

तुमच्याकडे आंघोळ केल्याशिवाय आत सोडत नाहीत म्हणे. करीन. साबणाची डबी मी माझी आणते. दारावर उघडून दाखवीन, आत साबणच असेल.

तुझी आई